घरांतील बिनतारी इंटरनेट : वेग कोठें मुरतो व तो कसा राखावा
(लेखक : एक सेवानिवृत्त अव्वल कारकून, महसूल खातें)

पाटाच्या तोंडाशीं पाणी भरपूर असावें आणि शेवटच्या वाफ्यास मात्र नुसता ओलावा पोंचावा, हा प्रसंग आपणां शेतकऱ्यांस नवा नाहीं. अशा वेळीं समंजस मनुष्य कालव्याच्या कचेरीकडे एकदम अर्ज धाडीत नाहीं. तो आधीं चारीच्या कांठानें चालत जातो. पाणी कोठें फुटतें, कोठें मुरतें, कोठें दुसऱ्याच्या वावरांत वळतें हें डोळ्यांनीं पाहतो, आणि मग काय तें बोलतो. घरांतील बिनतारी इंटरनेटची, म्हणजे ज्यास आपण वाय-फाय म्हणतों त्याची, गोष्ट अगदीं हीच आहे. परंतु पाणी दिसतें आणि या लहरी दिसत नाहींत. त्यामुळें येथें मात्र भलेभले लोक चारी न पाहतांच अर्ज लिहावयास बसतात. प्रस्तुत लेखक त्यांपैकींच एक होता. त्या चुकीची किंमत काय पडली हें प्रथम सांगतों, म्हणजे पुढील विवेचन वाचकांस निरर्थक वाटणार नाहीं.

एका चुकीची हकीकत

सेवानिवृत्तीनंतर मी गांवीं वडिलोपार्जित घरांत राहावयास आलों, तेव्हां शंभर मेगाबिट वेगाची फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूची, जोडणी घेतली. ती बसविण्यास आलेल्या मुलानें विचारलें, “काका, राउटर कोठें लावूं?” मीं सांगितलें, “तो दिव्यांचा डबा डोळ्यांसमोर नको. माजघरांतल्या लोखंडी कपाटावर, पार मागच्या बाजूस ठेव.” त्यानें कांहीं म्हणण्याचा यत्न केला, पण ज्यानें सारा जन्म वरिष्ठांचे हुकूम पाळले त्यास उतारवयांत हुकूम सोडण्याची हौस फार असते. मीं त्याचें ऐकून घेतलें नाहीं.

पुढच्या खरिपांत माझ्या धाकट्या बंधूनें सोयाबीनचा पीकविमा उतरविण्याचें काम मजवर सोंपविलें. आज करूं, उद्यां करूं असें करीत मीं तें अखेरच्या तारखेवर आणलें. रात्रीं जेवणानंतर पडवींत बसून अर्ज भरला. सातबारा, बँकेचें पासबुक वगैरे कागदांच्या प्रती चढवावयास लागलों, आणि पडद्यावरील चक्र फिरतच राहिलें. एक प्रत चढे, तर दुसरी अर्ध्यावर तुटे. बारा वाजले आणि तारीख बदलली. तालुक्याचीं सेवाकेंद्रें तर केव्हांच बंद झालीं होतीं. त्या वर्षीं ऐन काढणींत पावसानें गांठलें व सोयाबीन शेंगेंतच उगवलें. ज्यांनीं विमा उतरविला होता त्यांस भरपाई मिळाली. माझ्या बंधूस मिळाली नाहीं. त्यानें मला एका शब्दानेंही बोल लाविला नाहीं. लाविला असता तर बरें वाटलें असतें.

मीं जोडणी देणाऱ्या कंपनीकडे दोन पानांची कडक तक्रार धाडली. तोच मुलगा पुन्हां आला. त्यानें राउटरमधून एक वायर काढून आपल्या लॅपटॉपला जोडली व वेग मोजला. तो ९४ मेगाबिट भरला. मग वायर काढून, लॅपटॉप उचलून तो पडवींत माझ्या नेहमीच्या जागीं बसला व पुन्हां मोजणी केली. तेथें ३ मेगाबिट भरले. तो इतकेंच म्हणाला, “काका, लाईन चांगली आहे, जागा वाईट आहे.” स्थळपाहणीवांचून शेरा मारूं नये, हें चौतीस वर्षें मी नव्या उमेदवारांस शिकवीत आलों होतों. स्वतःच्या घरांत मात्र मीं तो नियम मोडला, आणि त्याचा दंड भावानें भरला.

तेव्हांपासून या विषयाचा मीं जमेल तितका अभ्यास केला. आतां सातबाराचा उतारा, पीकविमा, निरनिराळ्या योजनांचे अर्ज, बाजारभाव, मुलांचा अभ्यास, हें सर्व घरांत बसूनच होऊं लागलें आहे. पूर्वीं ज्या कामास तालुक्याची एक फेरी लागे, तें आतां लहरींवर अवलंबून आहे. म्हणून त्या लहरींची निगा राखणें हें आउताची निगा राखण्याइतकेंच अगत्याचें झालें आहे.

आधीं मोजणी

घरांत येणारा इंटरनेट दोन टप्प्यांनीं येतो. पहिला टप्पा कंपनीच्या केंद्रापासून आपल्या राउटरपर्यंतचा. तो बहुधा काचतंतूनें किंवा तांब्याच्या तारेनें येतो. दुसरा टप्पा राउटरपासून आपल्या हातांतील फोनपर्यंतचा. तो हवेंतून येतो. पहिल्या टप्प्याची जबाबदारी कंपनीची, दुसऱ्याची बव्हंशीं आपली. दोष कोणत्या टप्प्यांत आहे हें ठरविल्याशिवाय केलेला प्रत्येक खर्च अंधारांतील होय. अधिक वेगाचा महाग करार घेऊनही पडवींत तीनच मेगाबिट येत राहावे, असें पुष्कळ घरीं घडतें.

मोजणीची रीत सोपी आहे. एक लॅपटॉप मागून आणावा व वायरीनें राउटरला जोडून वेग मोजावा. नंतर वायर काढून राउटरपासून चार हातांवर मोजावा. नंतर जेथें प्रत्यक्ष काम करावयाचें त्या जागीं मोजावा. वायरीवरच वेग कमी भरला तर दोष कंपनीकडचा. वायरीवर चांगला, पण राउटरजवळच बिनतारी वेग कमी, तर राउटर किंवा आपला फोन जुना. जवळ चांगला व दूर वाईट, तर दोष जागेचा अगर भिंतींचा. ही मोजणी सकाळीं, दुपारीं व रात्रीं नऊच्या सुमारास, अशी त्रिवार करावी. कारण रात्रीं सर्व गांव एकदम इंटरनेट वापरतो.

येथें एकदोन परिमाणें समजून घेतलीं पाहिजेत. कंपनी वेग मेगाबिटांत सांगते, आणि फोनमधील छायाचित्राचा आकार मेगाबाइटांत असतो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून शंभर मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदास फार तर साडेबारा मेगाबाइट येतात. दुसरें असें कीं, उतरता वेग व चढता वेग हे निरनिराळे असूं शकतात. चित्रपट पाहावयास उतरता वेग लागतो. अर्जासोबत कागद चढविण्यास चढता वेग लागतो. गोठ्यावर नजर ठेवणारा कॅमेरा रात्रंदिवस चित्रें चढवीत असेल, तर अर्जाची वाट तोच अडवितो. महत्त्वाचा अर्ज भरतांना तो घटकाभर बंद ठेवावा.

लहरींचा स्वभाव

१८९५ सालीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलांत जगदीशचंद्र बोस यांनीं विद्युत्-चुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजविल्याचा प्रयोग लोकांस करून दाखविला. आपला राउटर आज तोच चमत्कार करीत असतो. मात्र भिंत ओलांडतांना लहर आपलें कांहीं बळ भिंतीस देऊन जाते, हें आपण विसरतों.

आजचे बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात. एक २.४ गिगाहर्ट्झचा व दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्याची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांब असते, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडी अधिक. दुसऱ्याची लहर पांच-सहा सेंटिमीटर, म्हणजे सुमारें तीन बोटें. लांब लहर भिंतींतून अधिक जाते, पण तिच्या पट्ट्यांत जागा थोडी व गर्दी फार. आंखूड लहरीच्या पट्ट्यांत जागा ऐसपैस असल्यानें वेग पुष्कळ मिळतो, परंतु दोन जाड भिंतींपलीकडे ती थकते. यास्तव राउटरच्याच खोलींत किंवा लगतच्या खोलींत काम असेल तर ५ चा पट्टा घ्यावा, आणि दूरच्या खोलींत २.४ चा. दोहोंस निरनिराळीं नांवें देऊन ठेविलीं तर आपण कोणत्या पट्ट्यावर आहों हें कळतें.

लहरीचें बळ अंतराच्या वर्गानें घटतें. अंतर दुप्पट झालें कीं बळ चौथाई राहतें. हा हिशेब मोकळ्या जागेचा झाला. घरांत त्यांत अडथळ्यांची वजावट येते. लांकडी दार व पातळ विटांची भिंत थोडें बळ घेतात. देशावरच्या जुन्या वाड्याची दोन फुटी दगडमातीची भिंत, कोंकणांतील जांभ्याची भिंत व लोखंडी सळयांचा स्लॅब पुष्कळ घेतात. धातूचा पत्रा, लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी व आरशाच्या मागील लेप हे तर लहरीस जवळजवळ मागें फिरवितात. पाणी लहरीस शोषून घेतें. म्हणून पाण्याची टाकी, मोठें पिंप, इतकेंच काय पण माणसांची दाटीही आड आली तर बळ कमी होतें.

हें बळ फोनमधील एखाद्या साध्या साधनानें आंकड्यांत पाहतां येतें. तो आंकडा डीबीएम या परिमाणांत व उणे चिन्हाचा असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत चित्रांसह बोलणें ठीक चालतें. उणे ८० च्या पलीकडे गेल्यास अर्ज भरावयास बसूं नये. दर तीन आंकडे खालीं गेले कीं बळ निम्मे झालें, असें समजावें.

राउटरची जागा

वरील विवेचनावरून जागेचे नियम आपोआप निघतात. राउटर घराच्या मध्याजवळ असावा. एका टोंकाच्या कोपऱ्यांत ठेविला तर त्याचें निम्मे बळ रस्त्यावर जातें. तो जमिनीवर ठेवूं नये. पुरुषभर उंचीवर, भिंतीस किंवा लांकडी फळीवर असावा. कपाटांत, दूरदर्शन संचाच्या मागें, आरशाजवळ, शीतपेटीच्या आड अगर पाण्याच्या टाकीशेजारीं ठेवूं नये. त्यावर शोभेचा रुमाल घालूं नये, कारण त्यास वाऱ्याची गरज असते. तापलेला राउटर अडखळतो. चुलीचा धूर व पिठाच्या गिरणीची धूळ यांपासून तो दूर असावा.

राउटरला बाहेरून दांडे असतील तर ते उभे ठेवावे. उभ्या दांड्यापासून लहरी आडव्या पसरतात, दांड्याच्या टोंकाच्या दिशेनें मात्र फार थोड्या जातात. माडीवरही उपयोग हवा असेल तर एक दांडा उभा व एक आडवा करून पाहावा.

माझ्या घरीं राउटर कपाटावरून काढून माजघर व पडवी यांमधील दाराच्या चौकटीवर लाविला. त्यास लागली ती केवळ पंधरा हात वायर. पडवींतील वेग त्याच सायंकाळीं ३ वरून ६० च्या वर गेला. पीकविम्याची तारीख मात्र परत आली नाहीं.

शेजारी व पाळी

सरकारनें २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ सालीं व ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा २०१८ सालीं परवान्यावांचून वापरण्यास मोकळा केला. गायरानासारखी ही सामाईक जागा आहे. तेथें आपलें एकट्याचें कांहीं नसतें. २.४ च्या पट्ट्यांत १ पासून १३ पर्यंत क्रमांकाचे मार्ग आहेत. पण हे मार्ग पांच-पांच मेगाहर्ट्झांवर आंखलेले असून प्रत्येक राउटर वीस मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. म्हणून एकमेकांवर न चढणारे मार्ग सामान्यतः तीनच : १, ६ व ११. शेजाऱ्याचा राउटर ६ वर असेल तर आपला ७ किंवा ८ वर नेणें ही मोठी चूक होय. एकाच मार्गावरील राउटर एकमेकांचें बोलणें ऐकून पाळीनें बोलतात. अर्धवट चढलेले मार्ग एकमेकांस केवळ गोंगाट करितात. तेव्हां १, ६ किंवा ११ पैकीं जो मोकळा अगर ज्यावरील शेजारी दूर असेल तो घ्यावा. शहरांतील इमारतींत हा प्रश्न तीव्र असतो. वाडीवस्तीवरील एकट्या घरास त्याची चिंता फारशी नाहीं. मायक्रोवेव्ह शेगडी सुमारें २.४५ गिगाहर्ट्झवर चालते, म्हणून ती चालू असतां या पट्ट्यावर व्यत्यय येऊं शकतो.

घरांतल्या घरांतही पाळीच असते. एका मार्गावर एका वेळीं एकानेंच बोलावयाचें असा या लहरींचा शिरस्ता आहे. आतां दूरच्या खोलींतील जुना फोन जर एका मेगाबिटानें बोलत असेल, तर जें काम जवळचा फोन पन्नास मेगाबिटांनीं एका क्षणांत उरकतो, त्यास तो पन्नास क्षण घेतो. तोंवर बाकीचे थांबतात. ज्याची चारी गळकी, त्याची पाळी लांबते व खालच्या शेतकऱ्यांचा दिवस जातो, तसेंच हें आहे. जीं यंत्रें जागची हलत नाहींत, म्हणजे दूरदर्शन संच, टेबलावरील संगणक, तीं वायरीनें जोडावीं. हवेंतील पाळी तितकी मोकळी होते.

यंत्र जुनें कीं नवें

बिनतारी जोडणीचें पहिलें प्रमाण १९९७ सालीं ठरलें. त्याचा वेग अवघा दोन मेगाबिट होता. २००९ च्या प्रमाणानें, ज्यास आतां वाय-फाय ४ म्हणतात, दोन्ही पट्टे वापरांत घेतले. २०१३ च्या वाय-फाय ५ नें पांचाच्या पट्ट्यावर मोठा वेग दिला. आणि त्यानंतरच्या वाय-फाय ६ नें गर्दींत पाळी वांटून देण्याची रीत सुधारली. आपल्या राउटरवर केवळ २.४ चा पट्टा असेल तर तो बदलण्यास हरकत नाहीं. मात्र राउटर नवा आणि फोन जुना असला तर त्या फोनपुरता वेग जुनाच राहतो.

वायरीची खाच हाही एक अरुंद बांध असतो. कित्येक स्वस्त राउटरांची खाच शंभर मेगाबिटांहून अधिक वाहूं शकत नाहीं. तेथें तीनशें मेगाबिटांचा करार घेणें म्हणजे चार इंची नळास एक इंची तोटी लावणें होय. खाच गिगाबिटची आहे ना, व वायर ‘कॅट ५ई’ किंवा त्याहून वरच्या प्रतीची आहे ना, हें आधीं पाहावें. राउटरच्या आंतील आज्ञावली कंपनीकडून वेळोवेळीं सुधारली जाते. ती सुधारणा घेत जावी.

दूरचा गोठा व मळ्यांतील वस्ती

घर मोठें असलें तर एक राउटर पुरत नाहीं. बाजारांत लहर पुढें ढकलणारीं स्वस्त यंत्रें मिळतात. त्यांत दोष असा कीं, तें यंत्र त्याच मार्गावर ऐकतें व त्याच मार्गावर पुन्हां बोलतें. म्हणून वेग सुमारें निम्मा होतो. शिवाय लोक तें जेथें लहर मरते तेथेंच लावितात. मग तें मेलेलीच लहर पुढें देतें. तें अर्ध्या वाटेवर, जेथें लहर अद्याप चांगली आहे तेथें लावावें. याहून उत्तम उपाय म्हणजे राउटरपासून वायर नेऊन दुसऱ्या टोंकास दुसरें बिनतारी केंद्र बसविणें. ही तांब्याची वायर शंभर मीटरपर्यंत चालते.

गोठा किंवा विहिरीवरील घर दोनशें मीटर दूर असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला काचतंतूचा, तो जमिनींत पाइपांतून पुरावा व दोहों टोंकांस प्रकाशाचें विजेंत रूपांतर करणाऱ्या लहान पेट्या लावाव्या. दुसरा मार्ग समोरासमोर तोंड केलेल्या दोन मैदानी यंत्रांचा. यांत दृष्टि सरळ पोंचली पाहिजे, आणि येथेंच शेतकऱ्याची फसगत होते. वैशाखांत मोकळ्या रानावरून ही जोडणी सुरेख चालते; भाद्रपदांत ऊस किंवा मका पुरुषाहून उंच झाला, पानें पावसानें भिजलीं, कीं ती बंद पडते. लोक यंत्रास दोष देतात. दोष पिकाच्या उंचीचा असतो. लहर दोरीसारखी बारीक जात नाहीं. मध्यावर ती फुगते. दोनशें मीटरांच्या अंतरावर ५ गिगाहर्ट्झची लहर मध्यभागीं सुमारें दीड मीटर त्रिज्येची जागा घेते. तीन मीटर उंचीच्या उसावरून ती न्यावयाची असेल तर दोन्हीं यंत्रें निदान पांच मीटर उंचीवर हवींत.

वीज व वीज पडणें

ज्या रात्रीं वीज जाते त्याच रात्रीं काम निघतें, हा अनुभव सार्वत्रिक आहे. राउटर बहुधा बारा व्होल्टवर चालतो व वीज थोडी घेतो. त्याजकरितां लहान बॅटरीची पेटी मिळते व ती कांहीं तास पुरते. घेतांना व्होल्ट व अँपिअर राउटरच्या चिठ्ठीशीं ताडून पाहावे. काचतंतूची पेटी व राउटर हीं निरनिराळीं यंत्रें असतील तर दोहोंस बॅटरी हवी; एकास देऊन उपयोग नाहीं.

काच वीज वाहून नेत नाहीं; परंतु बाहेरच्या कांहीं तंतूंच्या आधारास पोलादी तार असते, आणि घर व गोठा यांमधील तांब्याची वायर तर वीज सरळ घरांत आणते. वळवाचें आभाळ भरून आलें कीं राउटरचा विजेचा व वायरीचा, असे दोन्ही जोड काढून ठेवावे. तंतु खिळ्यानें ठोकूं नये, काटकोनांत मोडूं नये, व उंदरांपासून जपावा. पेटीवर एलओएस असा लाल दिवा लागला तर प्रकाश पोंचत नाहीं असें समजून, इतर खटपट न करितां कंपनीस कळवावें.

कुलूप

राउटरला कुलूप हवें. डब्ल्यूपीए २ किंवा त्याहून नवें, २०१८ सालीं निघालेलें डब्ल्यूपीए ३ हें बंधन निवडावें. परवलीचा शब्द निदान बारा अक्षरांचा असावा. आणि राउटरच्या आंतील व्यवस्थेचा मूळचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा. बटण दाबून जोडणी देणारी डब्ल्यूपीएस ही सोय बंद ठेवावी. पाहुण्यांकरितां वेगळ्या नांवाची जोडणी ठेवतां येते, ती ठेवावी. आपल्या जोडणीवरून कोणी गैर काम केलें तर चौकशी प्रथम आपल्या दारीं येते, हें विसरूं नये.

तक्रार कशी लिहावी

सर्व पाहणीअंतीं दोष कंपनीकडचा ठरला, तर तक्रार अवश्य करावी. पण ती आंकड्यांची असावी, रागाची नसावी. एका कागदावर तारीख, वेळ, वायरीवरील उतरता वेग, चढता वेग व पेटीवरील दिव्यांची स्थिति असे रकाने आंखावे, व तीन दिवस दिवसांतून तीनदां भरावे. करारांतील वेग वर लिहावा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. २०१२ च्या नियमांप्रमाणें प्रत्येक कंपनीस तक्रार-केंद्र व त्यावर अपील अधिकारी ठेवावा लागतो. पहिल्या ठिकाणीं दाद न लागल्यास क्रमांकासह दुसऱ्याकडे जावें. “तुमचें इंटरनेट चालत नाहीं” या वाक्यास उत्तर देणें सोपें असतें. नऊ नोंदींच्या तक्त्यास तसें नसतें.

उपसंहार

ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतु नेण्याचें काम केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केलें व २०१५ पासून तें भारतनेट या नांवानें चाललें आहे. तंतु गांवापर्यंत येईल, पुढें घरापर्यंतही येईल. परंतु घराच्या उंबऱ्यापासून पडवीपर्यंतचें अंतर कोणतीही योजना चालून देणार नाहीं. तें आपलें आपणच चालावयाचें आहे. सारांश : प्रथम मोजा, मग जागा बदला, मग वायर व मार्ग पाहा, आणि यांनीं भागलें नाहीं तरच पैसे खर्च करा.

दुसरी एक सूचना वयाच्या अधिकारानें करितों. राउटर कितीही चांगला असो, अर्ज अखेरच्या रात्रीवर ठेवूं नये. गेल्या हंगामांत माझ्या बंधूचा पीकविमा मुदतीच्या बारा दिवस आधीं, भर दुपारीं, पडवींत बसून चार मिनिटांत भरला. पावती छापून त्याच्या हातीं दिली. त्यानें ती दोनदां वाचली, घडी करून खिशांत ठेविली आणि म्हणाला, “दादा, आतां पाऊस कसाही पडो.”